शिकारीची चिठ्ठी नक्की कुणाला लागते?

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण, जे सहा महिने अडकून पडलं होतं, ते थोडं हललं.

पहिली गोष्ट घरातली. आईने एका सरकारी गृहयोजनेच्या सोडतीत सातव्यांदा अर्ज भरला होता आणि सातव्यांदा नाव आलं नाही. अनामत रक्कम परत मिळते, त्यामुळे नुकसान काही नाही, असं बाबा दरवेळी म्हणतात. आई या वेळी म्हणाली, "सात वर्षं भरतेय मी. काल पहिल्यांदा भरला त्याला घर, आणि मला नाही. निदान इतकी वर्षं थांबल्याचे काही मार्क तरी द्यायला नकोत का?"

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. माझा मामेभाऊ कोलोरॅडोमध्ये असतो. त्याला मी माझं संशोधन शिकारीच्या परवान्यांवर आहे असं सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "माझ्या ऑफिसात एक जण आहे, सोळा वर्षं एल्कच्या परवान्यासाठी पॉइंट जमवतोय. दरवर्षी पैसे भरतो, दरवर्षी एक पॉइंट वाढतो, आणि दरवर्षी त्या जंगलाचा कटऑफही एकाने वाढतो. वैतागलाय बिचारा." एल्क म्हणजे आपल्या सांबराचाच, पण त्याहून थोराड असा भाऊबंद.

म्हणजे आई जे मागत होती, थांबल्याचे मार्क, ते तिकडे मिळतात. आणि मिळूनही माणूस वैतागलेलाच आहे. हे का होतं, आणि आपल्याकडे शिकारीचे परवाने कसे वाटले जायचे, हे आज सांगते. ब्लॉग नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, नंतर वन्यजीवांच्या कायद्यांच्या इतिहासाकडे वळले. राहते उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये. इथून वाघ पाहायला जायचं तर आधी विठ्ठलवाडी स्टेशनला लोकल पकडावी लागते.

आधी राजाचं रान

सुरुवात साध्या प्रश्नापासून करू. जनावरं थोडी, मारू इच्छिणारे फार. मग कुणी मारायचं?

सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे रान ज्याचं त्याने. मुरूडजवळचं फणसाड हे आज अभयारण्य आहे, पण ते जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान होतं. राधानगरी-दाजीपूर हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं. तिथे १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. यात अर्ज नाही, रांग नाही, सोडत नाही. राजाने बोलावलं तर तुम्ही जाणार, नाही बोलावलं तर नाही. आणि तुम्ही रानालगतच्या गावचे असाल तर हाका घालायला जाणार, म्हणजे डबे-ढोल वाजवत जनावर मचाणापुढे हाकलत नेणार. हाकेवाल्यांना 'तुम्हाला यायचंय का' असं कुणी विचारत नसे.

या पद्धतीला मर्यादा फक्त राजाच्या उत्साहाची. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज दिल्ली दरबारानंतर नेपाळच्या तराईत गेला आणि त्याच्या पार्टीने दहाएक दिवसांत ३९ वाघ मारले. सरगुजाच्या महाराजांनी आयुष्यभरात स्वतः मारलेल्या वाघांचा आकडा अकराशेच्या पुढे सांगितला होता. आज अख्ख्या महाराष्ट्रात तेवढे वाघ नाहीत.

१८७८: एकाच वर्षी दोन कायदे

इंग्रजी मुलखात हा प्रश्न कागदावर आला. इथे माझ्या प्रबंधातलं एक वर्ष फार महत्त्वाचं आहे, ते म्हणजे १८७८. त्या वर्षी भारतीय वन कायदा झाला आणि त्याच वर्षी शस्त्र कायदाही झाला. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन्ही वेगवेगळ्या धड्यांत येतात. वन कायदा जंगलाच्या धड्यात, शस्त्र कायदा लिटनच्या धड्यात. म्हणून ते एकत्र वाचायचं आपल्याला सुचत नाही. पण शिकारीच्या बाजूने बघा.

वन कायद्याने राखीव जंगल तयार झालं. तिथे झाड तोडणं, गुरं चारणं याबरोबर शिकार करणं हेही सरकारी नियमांखाली आलं. शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागायला लागला, आणि तोही मुख्यतः हिंदी माणसाला. युरोपियनांना त्यातून मोठी सूट होती. म्हणजे रानात शिरायला एक चिठ्ठी आणि बंदूक बाळगायला दुसरी. दुसरी चिठ्ठी ज्याच्याकडे नाही, त्याने पहिलीसाठी अर्ज करण्यात अर्थच नव्हता.

आता गंमत अशी, की वाघ मारल्याबद्दल सरकार त्याच काळात बक्षीसही देत होतं. गुरं-माणसं खाणारं जनावर म्हणून बक्षीस आणि साहेबाच्या दिवाणखान्याची शोभा म्हणून राखीव, अशा दोन्ही वह्यांत वाघाचं नाव होतं.

ब्लॉक म्हणजे काय

मध्य प्रांतात, म्हणजे आजचा बराचसा पूर्व विदर्भ ज्यात होता तिथे, ही व्यवस्था सगळ्यात नीटनेटकी झाली. राखीव जंगलाचे तुकडे पाडले, त्यांना शूटिंग ब्लॉक म्हणायचे. एका वेळी एका ब्लॉकात एकच पार्टी. परवान्यावर नाव, तारखा आणि कोणतं जनावर किती मारता येईल ते लिहिलेलं. काही ब्लॉक आलटूनपालटून बंद ठेवायचे, जनावरांना उसंत मिळावी म्हणून. १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांसाठी बंदीचा हंगामही आला. मध्य प्रांतातले वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचं मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचं पुस्तक १९२३ चं आहे. ते वाचताना कळतं, की या खात्यातली काही माणसं जनावरांकडे फार बारकाईने बघत होती. त्यांना निव्वळ बंदूकबाज म्हणून सोडून देता येणार नाही.

कागदावर ही व्यवस्था बरीच न्याय्य दिसते. अर्ज करा, फी भरा, ब्लॉक मोकळा असेल तर मिळेल. पण रांग म्हणजे फक्त आधी कोण आला एवढंच नसतं. रांग कुठे लागते, केव्हा लागते आणि कोणत्या भाषेत लागते, हे ज्याला माहीत तो आधी येतो. चांगला ब्लॉक कोणता, तिथे वाघीण पिल्लांसह आहे की मोठा नर आहे, ही खबर वनाधिकाऱ्याकडे आणि त्याच्या ओळखीच्यांकडे आधी. उन्हाळ्यात पाणवठे आटतात तेव्हा जनावर दिसतं, आणि त्या दिवसांत महिनाभर सुट्टी मिळणार ती लष्करी किंवा मुलकी अधिकाऱ्याला. तंबू, गाडे, शिकारी, गारा लावण्यासाठी बोदे, म्हणजे वाघाला आमिष म्हणून बांधायचे रेडे, हा खर्च वेगळाच. फी हा त्यातला लहान आकडा होता.

आणि रानातला माणूस? गोंड, कोरकू, आमच्या बाजूचे कातकरी आणि ठाकूर? शिकार हा त्यांच्या जेवणाचा भाग होता. ससा, भेकर, रानकोंबडा. त्यांच्या हातात तीरकमठा, जाळं, फासे. नियमांनी नेमकी हीच साधनं वाईट ठरवली. मचाणावरून रायफलने मारणं ही शिकार, आणि फासा लावणं ही चोरी. काही शेतकऱ्यांना पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळे, पण तो शेतापुरता. म्हणजे ज्या माणसाला जनावराच्या वाटा सगळ्यात जास्त माहीत होत्या, तो अर्जदारांच्या यादीत कधी आलाच नाही. तो पगारी वाटाड्या म्हणून आला. मी जुने परवान्याचे नियम वाचते तेव्हा 'अर्ज नामंजूर' झालेल्यांपेक्षा, अर्ज करणं ज्यांच्या मनातही आलं नसेल त्यांचाच विचार जास्त येतो.

स्वातंत्र्यानंतर

१९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य पशुपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. तो घडवण्यात हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. ते पक्षितज्ज्ञ, आणि १८८३ पासून चालत आलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले महत्त्वाचे कार्यकर्ते. परवाने चालूच राहिले, पण आता ते फक्त साहेबांसाठी नव्हते. जमीनदार, वकील, डॉक्टर, ठेकेदार, अधिकारी असे नवे शिकारी आले. जीप आली, प्रखर दिवे आले. शिवाय परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेणाऱ्या कंपन्या आल्या. नागपूरची ऍल्विन कूपर ही त्यातली नावाजलेली. ब्लॉकचे कागद, तंबू, वाटाडे सगळं कंपनीने बघायचं, पाहुण्याने डॉलर मोजायचे आणि वाघाचं कातडं घेऊन परत जायचं. राजाची मर्जी, मग साहेबाची ओळख, आणि आता पैसा. वाटपाचं तत्त्व तीनदा बदललं, हाकेवाले तेच राहिले.

इथे माझ्यातली विज्ञानाची विद्यार्थिनी एक प्रश्न विचारते. या सगळ्या काळात परवान्यावर 'एक वाघ' असं लिहिताना, रानात वाघ किती आहेत हे कुणी मोजलं होतं का? देशभरची पहिली व्याघ्रगणना झाली १९७२ मध्ये, आणि आकडा आला १,८२७. ठशांवरून मोजण्याच्या त्या पद्धतीवर पुढे खूप टीका झाली, तो वेगळा विषय. मुद्दा हा की जवळजवळ शंभर वर्षं आपण शिल्लक माहीत नसलेल्या खात्यातून चेक फाडत होतो. चेक कुणाच्या नावाने फाडायचा यावर मात्र नियमांची पुस्तकं भरली.

गणनेच्या आधीच, १९७० मध्ये, वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपण शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखतो, पण मूळ १९७२ च्या कायद्यात शिकारीचे परवाने होते! विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार असे वर्ग आणि त्यांच्या वेगळ्या अनुसूची होत्या. रात्री, कृत्रिम उजेडात किंवा वाहनातून मारायचं नाही, मारलेल्याची नोंद ठेवायची, अशा अटी होत्या. हे परवाने कायद्यातून पुसले गेले ते १९९१ च्या दुरुस्तीत. माझ्या जन्माच्या काही वर्षं आधी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मूळ कायदा दोनदा वाचला होता.

आता पॉइंटचं गणित

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथेही एकोणिसाव्या शतकात बेसुमार कत्तल झाली, पण नंतर त्यांनी वन्यप्राणी सगळ्या जनतेचे मानले आणि राज्यांच्या खात्यांकडे व्यवस्थापन दिलं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो. कळपांचा अंदाज घेऊन दरवर्षी किती परवाने द्यायचे ते ठरतं. चांगल्या जंगलासाठी अर्ज फार, म्हणून सोडत. आणि सोडतीत सतत हरणारे चिडतात, म्हणून पॉइंट.

पॉइंटचं काय होतं ते एका काल्पनिक जंगलावर करून बघू. वही घ्या.

दरवर्षी ५ परवाने. दरवर्षी ५० नवे शिकारी अर्ज करायला लागतात, कुणी सोडून जात नाही. ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी. पहिल्या वर्षीच्या ५० जणांना संपवायला १० वर्षं लागतात. ठीक आहे. दुसऱ्या वर्षी आलेल्यांचा नंबर लागतो ११ ते २० या वर्षांत. तिसऱ्या वर्षीच्यांचा २१ ते ३०. असं करत दहाव्या वर्षी आलेल्यांचा नंबर लागतो ९१ ते १०० या वर्षांत. म्हणजे त्याला ८१ ते ९० वर्षं थांबायचंय. मामेभावाच्या ऑफिसातला माणूस म्हणत होता तो 'कटऑफ दरवर्षी वाढतो' हा प्रकार म्हणजे हाच. तुम्ही एक पाऊल पुढे जाता आणि रेघही एक पाऊल पुढे सरकते.

निव्वळ सोडत असती तर? दहाव्या वर्षी ४५ जण मोकळे झालेले, ४५५ जण उरलेले. संधी ९१ मध्ये एक. वाईटच. पण काल आलेल्या विशीतल्या पोरालाही ती तेवढीच आहे, आणि पॉइंटच्या रांगेत ती त्याला ऐंशी वर्षं शून्य आहे. नेवाडा राज्यात मधला मार्ग काढलाय. तिथे पॉइंटचा वर्ग करून तेवढ्या चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे १० पॉइंटवाल्याच्या साधारण १०० चिठ्ठ्या. न्यू मेक्सिको राज्याने पॉइंट ठेवलेच नाहीत, सरळ सोडत.

यातली कोणतीही पद्धत घ्या, परवाने पाचच राहतात. रांग, सोडत, पॉइंट, लिलाव यांतल्या एकानेही एक एल्क जास्त जन्माला येत नाही. बदलतं ते एवढंच, की निराशा कुणाच्या वाट्याला जाईल. पॉइंटमध्ये ती तरुणांच्या वाट्याला जाते, सोडतीत सगळ्यांच्यात सारखी पसरते, लिलावात गरिबांकडे, आणि ओळखीच्या पद्धतीत ज्याला ओळख नाही त्याच्याकडे.

मचाण तेच

आपल्याकडे शिकार संपली, पण वाटपाचा प्रश्न संपला नाही. ताडोबात १९३५ पासून शिकार बंद आहे, १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आज तिथल्या सफारीच्या जागांसाठी झुंबड असते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणात बसून प्राणी मोजायचा अनुभव हवा असणारे खूप, आणि मचाणं मोजकी. पूर्वी बंदूक घेऊन बसायचे तिथे आता दुर्बीण घेऊन बसतात, आणि बुकिंग उघडल्यावर कुणाचं इंटरनेट जलद यावर नंबर लागतो. रानालगतच्या गावातला माणूस जिप्सी चालवतो किंवा गाइड असतो. ही हाका घालण्यापेक्षा नक्कीच बरी अवस्था आहे, पण तो आजही मचाणाखालीच आहे.

दुसऱ्या टोकाला शेतकरी. कायद्यात अजून एक फट आहे: पिकांचं, मालमत्तेचं नुकसान करणारी काही जनावरं परवानगीने मारता येतात. २०१६ मध्ये चंद्रपुरात रानडुकरं मारली गेली तेव्हा दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर खडाजंगी झाली होती. पण बहुतेक शेतकऱ्याला परवानगी मिळाली तरी बंदूक कुठून आणणार? १८७८ चे ते दोन कायदे इथे पुन्हा भेटतात. एक चिठ्ठी रानाची, एक बंदुकीची.

आईला काय सांगितलं

आमचं गावच वाटपातून उभं राहिलंय. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांना जागा दिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. कॅम्प ४ हा पत्ता त्या छावणीचाच उरलेला भाग. त्यामुळे कुणाला काय मिळालं आणि का, हा विषय इथे चहाच्या टपरीवरही निघतो.

आईला मी वहीतलं गणित दाखवलं. ती बारावी वाणिज्य आहे, तिला ते माझ्याआधी कळलं. म्हणाली, "म्हणजे मला मार्क दिले असते तर माझ्याआधी वीस वर्षं भरणारे पुढे गेले असते."

"हो. आणि मी उद्या अर्ज भरला तर मला साठीत घर मिळालं असतं."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "मग घरं किती होती यंदा? आणि पाच वर्षांपूर्वी किती होती? तेच आधी बघायला हवं ना."

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी दोन वर्षं हेच म्हणायचा प्रयत्न करतेय. वाटपाच्या नियमांवर भांडावंच, ते महत्त्वाचे आहेत. सोडत असेल तर ती सगळ्यांसमोर व्हावी, यादी भिंतीवर लागावी. पण त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: वाटायला मुळात आहे किती, हे कुणी मोजलंय का? आणि रांगेत कोण उभंच राहू शकलेलं नाही? शूटिंग ब्लॉकच्या नियमांत याची उत्तरं नव्हती, कारण ती लिहिणारे रांगेच्या पुढच्या टोकाला उभे होते.

आठव्या सोडतीचा अर्ज आई भरणार आहे. या वेळी यादीतला घरांचा आकडा तिने आधी वहीत लिहून ठेवलाय.